डिस्चार्जचा कागद मराठीत हवा

पोटाच्या आतल्या आवरणावर पसरलेल्या कर्करोगासाठी काही निवडक रुग्णांवर ‘हायपेक’ हा उपचार केला जातो. आधी शस्त्रक्रियेने दिसणाऱ्या गाठी काढतात. मग साधारण ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत गरम केलेले केमोथेरपीचे औषध पोटाच्या पोकळीत तास-दीड तास फिरवतात. त्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये अख्खी टीम राबते. रुग्ण घरी निघताना मात्र अनेकदा हाती पडतो तो इंग्रजी कागद आणि ‘आराम करा, हलकं खा’ एवढा सल्ला.

तेवढ्याने भागत नाही. ‘आराम’ म्हणजे पलंगावरून उठायचे नाही, असे आपल्याकडे समजतात. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात थोडे चालायचे आणि गुठळी टाळणारी इंजेक्शने लिहून दिली असतील, तर ती मध्येच थांबवायची नाहीत. ‘जड उचलू नका’ याचाही अर्थ सांगावा लागतो. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंची होते. कडेवर घेतलेले नातवंडही जडच. डॉक्टर परवानगी देईपर्यंत, साधारण दीड-दोन महिने, दोन्ही वर्ज्य.

खाण्याचेही तसेच. अशक्तपणा भरून निघावा म्हणून तुपातला शिरा आणि डिंकाचे लाडू पुढे येतात, पण आतडी अजून मंद असतात. मऊ भात, वरण, अंडे, दही असे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खाल्लेले सोसते. दही घरचे आणि ताजे, अंडे पूर्ण शिजवलेले असावे.

सगळ्यात महत्त्वाचा ताप. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरातली गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. लगेच रुग्णालयाला कळवावे. शस्त्रक्रियेत प्लीहा काढली असेल, तर तापाचा धोका अधिक असतो आणि काही लसीही घ्याव्या लागतात. सतत उलट्या, पोट फुगून वायू न सरणे, जखमेतून पू, एकाच पायाला सूज, अचानक लागलेली धाप, यांपैकी काहीही दिसले तरी थांबू नये.

विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईत उपचार घेतलेला रुग्ण शेकडो किलोमीटर दूर असतो. रात्री ताप चढला, तर त्याच्या घरच्यांकडे असतो तो फक्त तो कागद. म्हणून तो मराठीत, ठसठशीत अक्षरात हवा. त्यावर रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर आणि गावच्या डॉक्टरांसाठी उपचाराचा थोडक्यात गोषवारा हवा. घरी सोडण्यापूर्वी नर्सने अर्धा तास बसून तो समजावावा आणि काळजी घेणाऱ्याकडून परत वदवून घ्यावा. रुग्णालये हे करत नसतील, तर नातेवाइकांनी समजेपर्यंत विचारावे. त्यात संकोच कसला?