अमरिलिसची पाने कापू नका

आमच्या हाउसच्या दारातून आत शिरले की डाव्या हाताला दरवर्षी मार्चअखेरीस अमरिलिसच्या सहा कुंड्या मांडल्या जातात. वार्षिक तपासणीचे पाहुणे येतात त्या दिवशी त्यांची फुले अशी लालभडक असतात की नवीन कॅडेटसुद्धा दोन सेकंद थांबून बघतो. आठ-दहा दिवसांत फुले मान टाकतात. मग एका शनिवारी माळीचाचांची हातगाडी येते, कंद मेसमागच्या खड्ड्यात जातात आणि कुंड्या धुऊन स्टोअरमध्ये. पुढच्या वर्षी हाउसच्या फंडातून नवे कंद. माझे म्हणणे असे की ही पद्धत चुकीची आहे. आणि हे मी एक कंद स्वतःच्या हाताने बिघडवून शिकलो आहे.

मागच्या वर्षी मी आणि माझ्या शेजारच्या पलंगावरचा आंध्रचा मित्र, आम्ही दोघांनी चाचांकडून एकेक कंद मागून घेतला. "बेटा, फूल तो गए, अब क्या करोगे?" असे ते म्हणाले, पण दिले. त्याने आपली कुंडी मेसमागे नळाजवळ ठेवली, कारण डॉर्मच्या खिडकीत जागा एकच होती आणि ती मी पकडली होती. मला वाटले, मी जिंकलो.

फुले गेल्यावर अमरिलिसला पट्ट्यासारखी लांब पाने येतात. सुरुवातीला ती सरळ असतात, नंतर हातभर वाढून बाजूला कलंडतात. खिडकीत उजेड एकाच बाजूने येत असल्यामुळे माझी पाने तर सगळी बाहेरच्या बाजूला झुकली. शनिवारच्या इन्स्पेक्शनमध्ये डॉर्मचे दोन मार्क गेले. शेरा होता, "खिडकीत अस्ताव्यस्त झाड." दोन मार्कांनी आम्ही तिसऱ्या नंबरवर गेलो. त्या रात्री सीनियर मला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. प्रेप संपल्यावर मी हाउसच्या कपाटातून कात्री आणली आणि सगळी पाने मुळाशी कापून टाकली. कुंडी एकदम नीटनेटकी दिसायला लागली. महिन्याभरात नवी पाने आली, तीही कापली.

रविवारच्या फोनवर आजीला हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. तिच्या कराडच्या परसात ही झाडे जमिनीतच आहेत. तिकडे आम्ही त्यांना नुसते लिली म्हणतो आणि वळवाचा पाऊस पडायच्या सुमारास ती फुलतात. आजी म्हणाली, "अरे बाळा, पाने म्हणजे त्याची चूल. चूल विझवलीस तर ते खाणार काय?" पावसाळ्यात लिलीवर काळी, ठिपक्याठिपक्यांची अळी येते. ती एका रात्रीत पाने फस्त करते, म्हणून आजी सकाळी उठून ती वेचते. म्हणजे मी कात्री घेऊन त्या अळीचेच काम केले होते.

नंतर जीवशास्त्राच्या सरांकडून नीट समजून घेतले. फुलताना कंद आपली साठवण खर्च करतो. फूल गेल्यावर पाने उन्हात अन्न बनवतात आणि ते खाली कंदात साठते. कंदाचे एकावर एक थर म्हणजे पानांचेच फुगलेले बुडखे असतात, कांद्यासारखे. (कांद्यासारखे असले तरी विषारी आहेत, मेसवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) शिवाय साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा, असा या झाडाचा हिशेब असतो. तो दांडा फुलण्याच्या कितीतरी महिने आधी कंदाच्या आत तयार व्हायला लागतो. म्हणजे आपण ज्याला संपलेले झाड म्हणून फेकतो, ते त्या वेळी पुढच्या वर्षीच्या कामाला लागलेले असते.

सरांनी आणखी एक गंमत सांगितली. आपण कुंडीत लावतो ते खरे अमरिलिस नव्हेच. ते दक्षिण अमेरिकेचे हिपिअ‍ॅस्ट्रम. खरे अमरिलिस दक्षिण आफ्रिकेचे. या नावावरून शास्त्रज्ञ अनेक वर्षे भांडले आणि 1987 साली बर्लिनच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत त्याचा निकाल लागला. हिपिअ‍ॅस्ट्रम म्हणजे ग्रीकमध्ये घोडेस्वाराचा तारा. आमच्या रायडिंग टीमला हे आवडेल.

तर मग करायचे काय? वाळलेली फुले लगेच काढायची, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. दांडा हिरवा असेपर्यंत ठेवायचा, पिवळा पडला की कापायचा. पानांना हात लावायचा नाही. कुंडी आतून एकदम कडक उन्हात न्यायची नाही, पाने करपतात. आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या उन्हात. वरची माती सुकली की पाणी द्यायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडे पातळ खत. कंदाचा वरचा भाग मातीबाहेरच राहू द्यायचा, नाहीतर तो कुजतो. ऑक्टोबरमध्ये पाणी बंद. पाने आपोआप पिवळी पडून वाळतात. मग कुंडी कोरड्या, थंड खोलीत, पण दव गोठते तिथे नाही. निदान आठ-दहा आठवडे तशीच. म्हणजे हिवाळ्याच्या सुट्टीत तिला कोणाचीच गरज नाही.

खरी अडचण उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे. नेमके मे-जूनमध्ये झाडाला पाणी हवे असते आणि आपण सगळे घरी असतो. तेव्हा सहा कुंड्या चाचांच्या नळाजवळ झाडाखाली ठेवल्या तर पुरे. माझ्या मित्राची तिथेच होती.

आमचे हाउस कॅप्टन म्हणतात की ही सैनिकी शाळा आहे, नर्सरी नाही, आणि डॉर्ममध्ये टापटीप हवीच. टापटीप हवी हे मला मान्य आहे. इन्स्पेक्शनचा नियम बदला असे मी म्हणत नाही, कारण माझी कुंडी खिडकीत शोभत नव्हती हे खरेच आहे. पण शोभत नाही म्हणून ती आतून बाहेर हलवता येते. मी ती हलवली नाही, पाने कापली. दोन मार्क वाचले आणि झाडाचे वर्ष गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत आलो तेव्हा कंद दाबला तर बोटाखाली मऊ लागत होता.

हिवाळ्यात दोन्ही कुंड्या एकाच स्टोअरमध्ये शेजारी शेजारी होत्या. फेब्रुवारीत दोन्ही एकाच दिवशी बाहेर काढल्या, सारखेच पाणी दिले. मित्राच्या कंदातून आधी दांडाच आला आणि त्यावर चार फुले लागली. माझ्यातून तीन अरुंद पाने आली, बाकी काही नाही. मित्र काहीच बोलला नाही. त्याने त्याची कुंडी पाहुण्यांसाठी दाराशी ठेवायला दिली.

हे लिहीत असताना दारातल्या सहाही कुंड्यांची फुले सुकत आली आहेत. हाउसमास्टर सरांना माझी विनंती आहे की या वेळी त्या खड्ड्याकडे न पाठवता नळाजवळ पाठवाव्यात. प्रत्येक कुंडीला सातवीचा एक कॅडेट नेमावा. सहापैकी दोघांनी आपण होऊन नावे दिली आहेत. चाचांना मी विचारले आहे, ते म्हणाले, "रख दो, पानी मैं दे दूँगा." माझी कुंडी तिथे आधीच नेऊन ठेवली आहे. आज सकाळी पाने मोजली, पाच झाली आहेत.