श्रद्धा आणि शास्त्राची कसोटी

सोनार सोने कसोटीवर घासतो, तेव्हा सोन्याचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. मग आपल्या धर्मसमजुतींसच कसोटीचे एवढे भय का वाटावे? बिरुया येथील लोक प्रत्यक्ष पौलाचे भाषण ऐकूनही, तो म्हणतो ते तसेच आहे काय, हे दररोज शास्त्रात शोधून पाहत. आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे.

विद्यार्थ्यांनी प्रथम सोप्या गोष्टी घ्याव्या. नाताळच्या नाटकात मागी लोक नेहमी तीनच असतात. मत्तयाने देणग्या तीन सांगितल्या, माणसे किती ते सांगितलेच नाही. एदेन बागेतील फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीत कोठेही नाही. जो स्वतःस साहाय्य करतो त्यास देव साहाय्य करतो, हे वचन तर पवित्र शास्त्रात मुळीच नाही. (उपदेशात मात्र ते वारंवार कानी पडते!)

या चुका निरुपद्रवी होत. परंतु कोणी आजारी पडला की 'त्याच्या पापाचे फळ' असे ख्रिस्ती घरांतूनही बोलले जाते, ही समजूत निरुपद्रवी नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला असता, दोष त्याचाही नाही व त्याच्या आईबापांचाही नाही, असे प्रभूने सांगितल्याचे योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. पाचव्या अध्यायात बऱ्या झालेल्या मनुष्यास पुन्हा पाप न करण्याची ताकीद आहे, हेही वाचावे. मात्र ती ताकीद प्रभूने दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे. सांगलीनजीक मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, ते रोग बरा करण्यासाठी. रोग्याच्या पापाचा हिशेब मागण्यासाठी नव्हे.

मुलाने घरी 'हे कोठे लिहिले आहे?' असे विचारले, तर पालकांनी तो उद्धटपणा समजू नये, अशी आमची विनंती आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी शास्त्रात स्वतः पाहिल्यावाचून मंडळीचे प्रत्येक मत स्वीकारण्याचे नाकारले. आणि पुढे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारणाऱ्या बाईची श्रद्धा दुर्बळ होती, असे कोण म्हणेल?

कसोटी नेहमीच सोपी नसते, हे साताऱ्यासच घडलेल्या एका गोष्टीवरून दिसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून येथे 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावे, हा त्यांचा हेतु होता. हे शास्त्रास धरून होते काय? मत्तयाच्या अखेरीस बाप्तिस्मा देण्याची स्पष्ट आज्ञा आहे. उलट मार्काच्या नवव्या अध्यायात, आपल्या मंडळीत नसलेला एक मनुष्य प्रभूच्या नावाने भुते काढीत होता; त्यास मना करणाऱ्या योहानास प्रभूनेच थांबविले. एक स्थळ वाचून दुसरे झाकणे ही कसोटी नव्हे. दोन्ही वाचूनही आमचे मत टिळकांच्याच बाजूस झुकते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे तसे होणार नाही, आणि त्यांनी आपली स्थळे अवश्य दाखवावी.