राक्षसांच्या गोष्टी मुलांनीं वाचाव्या काय ?

गतवर्षीं मोताळ्यांतील एक पालक आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, मुलगा यंदा दहावींत, आणि रात्रंदिवस राक्षसांचें एक जाडजूड पुस्तक घेऊन बसतो. ह्या खोट्या गोष्टींचा उपयोग काय ?" तें पुस्तक आम्हीं पाहिलें. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन ह्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही १९५४-५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झालेली कादंबरी होती. एल्फ नांवाचे यक्षगंधर्वांसारखे अमर लोक, मनुष्यें, आणि हॉबिट नांवाचे बुटके, भोजनप्रिय खेडुत मिळून सॉरन ह्या भयंकर शत्रूशीं कसे झगडले, हें तींत वर्णिलें आहे. पालकांचा प्रश्न रास्त असल्यामुळें त्याचा येथें विचार करूं.

अद्भुत कथा आपणांस परकी नाहीं. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें लवणासुर भूमीखालीं दडून प्रजेस पीडा देत असे व विष्णूनें त्याचा वध केला, अशी दंतकथा आहे. तेथील दैत्यसूदनाचें मंदिर तिची साक्ष देतें. शास्त्र सांगतें कीं, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर उल्कापातानें काळ्या पाषाणांत पडलें. आमच्या मतें विवर कसें झालें हें शास्त्रास विचारावें, आणि संकटाशीं गांठ पडली असतां मनुष्याच्या मनांत काय उठतें हें कथेस विचारावें. दोहोंची गल्लत मात्र करूं नये.

ख्रिस्ती वाचकांनीं तर ह्या कथांस भिण्याचें मुळींच कारण नाहीं. बनियनच्या रूपककथेंतील यात्रेकरूही वाटेंत अक्राळविक्राळ शत्रूशीं झुंजतो, आणि तीच कथा हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' ह्या नांवानें मराठींत आणिली. पुढें बाबा पदमनजी ह्यांनीं १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांचें खरेंखुरें दुःख कादंबरींत मांडिलें. तर १८६१ सालीं हळबे ह्यांची 'मुक्तामाला' व १८६८ सालीं रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' अद्भुताच्या वाटेनें गेली. आपल्या भाषेनें दोन्ही वाटा प्रथमपासूनच चोखाळल्या आहेत.

आमची खरी धास्ती निराळी आहे. अशा कथांत शत्रूची सारी सेना जन्मतःच दुष्ट दाखविलेली असते. ह्या कादंबरींतील ऑर्क तसेच. त्याच सुमारास एके दिवशीं मधल्या सुट्टींत कांहीं मुलें दुसऱ्या वस्तींतील एका मुलास 'ऑर्क, ऑर्क' म्हणून चिडवीत होतीं. तो पुस्तकवाला विद्यार्थीही त्यांत होता. आम्हीं तें ऐकून, पोरांचा खेळ म्हणून सोडून दिलें. दुसरे दिवशीं तो चिडविलेला मुलगा शाळेंत आला नाहीं, तिसरे दिवशींही नाहीं. तेव्हां आमची चूक आमच्या ध्यानांत आली.

आम्हीं त्या वाचकास विचारलें, "पुस्तक कोठवर आलें ?" तो म्हणाला, "लढायांपर्यंत." म्हणजे खरी गोष्ट त्याच्या वाचनांत अजून यावयाची होती ! कारण त्या कादंबरीचा शेवट तलवारीनें होत नाहीं. घातक मुद्रिका अग्नींत टाकावयाची, त्या अखेरच्या क्षणीं नायक फ्रोडो स्वतःच मोहास बळी पडतो. गॉलम नांवाचा एक हीन, विश्वासघातकी जीव ती त्याच्यापासून हिसकावितो आणि तिच्यासह अग्नींत कोसळतो. अशा रीतीनें जगाचा बचाव होतो. ह्या गॉलमला मारण्याची संधि पूर्वीं बिल्बोस व मागाहून फ्रोडोसही आली होती. दोघांनींही दया केली. ती दया केली नसती, तर सर्व पराक्रम व्यर्थ गेला असता. लेखक स्वतः १९१६ सालीं सोमच्या रणांगणावर लढले होते व निष्ठावंत ख्रिस्ती होते. शत्रूवरही प्रीति करावी ही प्रभूची शिकवण त्यांनीं उपदेशाचा एक शब्दही न लिहितां कथेंत गोंविली आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, अभ्यासाचा वेळ राखून मुलांस अशीं पुस्तकें खुशाल वाचूं द्यावीं. मात्र शेवटपर्यंत वाचूं द्यावीं. अर्ध्यावर हिसकावून घेतलेल्या पुस्तकांतून केवळ लढाई तेवढी ध्यानांत राहते. रात्रीं जेवतांना त्यांस विचारावें, "आज कोणीं कोणास मारलें ?" आणि लागलीच दुसरा प्रश्न करावा, "कोणीं कोणास सोडून दिलें ?"

आणि विद्यार्थिमित्रांनो, लवणासुर लोणारच्या कथेंत आहे, ऑर्क पुस्तकांत आहेत. आपल्या शेजारच्या बांकावर जो बसतो तो आपला वर्गबंधु आहे. त्यास दुसरें नांव देऊं नका.