संसारांतील प्रश्न : तान्ह्या मुलाची विमानांतील जागा

पुण्याच्या एका वाचकभगिनीनें आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांची कन्या व जांवई आपल्या नऊ महिन्यांच्या मुलीस घेऊन दिवाळीस अमेरिकेहून घरीं यावयाचीं आहेत. मुलीसाठीं तिसरें तिकीट काढावें असें कन्येच्या मनांत आहे. विहीणबाईंचें म्हणणें असें कीं, आईबापांच्या दोन मांड्या असतां एवढ्याशा पोरीला खुर्ची कशाला? तेवढ्या पैशांत तिचे जावळ, बोरन्हाण आणि वर्षाचा वाढदिवस होऊन चार पैसे उरतील. जांवईबापू, अशा प्रसंगीं शहाणे पुरुष करतात त्याप्रमाणें, मौन धरून आहेत. ‘आपण काय तें सांगा,’ असें या भगिनी विचारतात. दोन विहिणींच्या मध्यें उभें राहण्याचें धाडस आम्हीं सहसा करीत नाहीं. परंतु प्रश्न मानापमानाचा नसून मुलीच्या जिवाचा आहे, म्हणून आमचें मत स्पष्ट लिहितों.

दोन वर्षांखालील मुलास स्वतंत्र जागा न घेतां मोठ्या माणसाच्या मांडीवर नेतां येतें, हा नियम बहुतेक सर्व देशांत सारखाच आहे. परदेशच्या प्रवासास अशा मुलाचें भाडें बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दशांशाइतकें पडतें. देशांतल्या देशांत कांहीं ठराविक आकार द्यावा लागतो. हें वाचून कोणासही वाटेल कीं, दोन वर्षांपर्यंतचें मूल मांडीवर सुरक्षित असतें असें कोणा जाणत्यानें पाहून ठरविलें असावें. वस्तुतः ही मर्यादा भाड्याची आहे. मुलाच्या हाडांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. विमान निघतांना पायांशीं ठेवलेली पिशवी आसनाखालीं सरकवावी लागते, समोरचें टेबल मिटवावें लागतें, पाण्याचा पेला परत द्यावा लागतो, आणि खुद्द विमानसेविका खांद्यांवरून पट्टे आवळून बसते. कारण सुटी वस्तु धक्क्यासरशी फेंकली जाते. अमेरिकन कंपन्यांच्या विमानांत या सगळ्या बंदोबस्तांतून एकच वजनदार जिन्नस सुटा राहतो, आणि तो म्हणजे मांडीवरचें मूल.

‘माझ्या हातांतून मूल सुटावयाचें नाहीं’ असें प्रत्येक आईस वाटतें, व लहानसहान धक्क्यापुरतें तें खरेंही आहे. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. नऊ महिन्यांची मुलगी सुमारें ८ किलो वजनाची धरूं. आधुनिक विमानांच्या खुर्च्या गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट जोराचा धक्का सोसतील अशा घडवाव्या लागतात. म्हणजे तेवढ्या धक्क्यांतूनही पट्टा बांधलेला मनुष्य वांचूं शकतो, हें त्यांत गृहीत आहे. त्या क्षणीं ८ किलोंची मुलगी १२८ किलोंच्या ओझ्याप्रमाणें पुढें ओढली जाईल. तांदळाचीं पंचवीस-पंचवीस किलोंचीं पांच पोतीं एका झटक्यांत हातांतून ओढलीं जावींत, असा तो प्रकार. एवढें बळ कोणाच्याही दंडांत नाहीं, पहिलवानाच्याही नाहीं.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. १९ जुलै १९८९ रोजीं युनायटेड एअरलाइन्सचें २३२ क्रमांकाचें विमान शेपटीकडील एंजिन फुटून निकामी झालें, आणि अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत सू सिटी येथें कसेंबसें उतरवितांना मोडून पेटलें. त्यांत २९६ माणसें होतीं. शंभराहून अधिक मेलीं व दीडशेंहून अधिक वांचलीं. त्या विमानांत मांडीवर बसून आलेलीं चार मुलें होतीं. उतरण्यापूर्वीं आईबापांना सांगण्यांत आलें कीं, मुलांना पायांशीं जमिनीवर, उशापांघरुणांच्या आधारानें ठेवा. त्या वेळची शिकवणच तशी होती. त्या चारांपैकीं एक मूल दगावलें. त्याची आई मोडलेल्या विमानाकडे मूल शोधण्यास परत निघाली, तेव्हां मुख्य विमानसेविका जॅन ब्राउन यांनीं तिला अडविलें. मूल जमिनीवर ठेवण्याची सूचना देणाऱ्याही त्याच होत्या. पुढें कित्येक वर्षें त्या बाईंनीं अमेरिकन कायदेमंडळाचे उंबरठे झिजविले. मागणी एवढीच कीं, प्रत्येक मुलास स्वतःची जागा व स्वतःचा पट्टा असावा. मध्यंतरीं २ जुलै १९९४ रोजीं शार्लट येथें यूएसएअरचें विमान कोसळलें, त्यांतही आईच्या हातांतून सुटलेलें नऊ महिन्यांचें मूल गेलें. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन मंडळानें तर १९९० पासूनच हा नियम करा म्हणून तगादा लावला आहे.

मग कायदा कां झाला नाहीं? विमानखात्यानें २००५ सालीं दिलेलें उत्तर असें कीं, तिकिटाची सक्ती केली तर कित्येक कुटुंबें विमान सोडून मोटारीनें प्रवास करतील; रस्ता हा आकाशाहून फार धोक्याचा; म्हणजे एक मूल वांचवितांना अधिक मुलें मरतील. हा युक्तिवाद आम्ही पोकळ मानीत नाहीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासांत असेंच निघालें होतें कीं, अशा सक्तीनें साऱ्या अमेरिकेंत वर्षाकाठीं एकाहूनही कमी मूल वांचेल. विमानप्रवास इतका निर्धोक झाला आहे हें आमच्या भगिनींनीं आधीं लक्षांत घ्यावें, व उगाच धास्ती घेऊं नये. परंतु हा सारा हिशेब सरकारचा आहे. सरकारला लाखों कुटुंबांचा विचार करावा लागतो. आपल्याला एकाचाच करावयाचा आहे. आणि त्या युक्तिवादाचा मुख्य खांब आपल्या घरीं उभाच राहत नाहीं. तिसरें तिकीट महाग पडलें म्हणून न्यू जर्सीहून पुण्यास मोटारीनें कोणी येणार आहे काय? समुद्रापलीकडून येणाऱ्यास निवड विमान कीं मोटार अशी नसते. मांडी कीं खुर्ची एवढीच असते. तेथें खुर्चीच्या विरुद्ध पैशाखेरीज दुसरें कारण आम्हांस सांपडत नाहीं.

त्यांतही अपघातापेक्षां हवेंतील खळबळ, जिला प्रवासी टर्ब्युलन्स म्हणतात, ती अधिक वेळां भेटते. २१ मे २०२४ रोजीं लंडनहून सिंगापुरास जाणारें सिंगापूर एअरलाइन्सचें विमान अशा खळबळींत सांपडलें. पांच सेकंदांच्या आंत तें १७८ फूट खालीं गेलें. ज्यांचे पट्टे सुटे होते ते छतावर आपटून खालीं पडले. एक वृद्ध गृहस्थ वारले, अनेक जबर जखमी झाले, व विमान बँकॉकला उतरवावें लागलें. विमान धड, वैमानिक कुशल, आणि तरी हें घडलें. त्याच वर्षीं ५ जानेवारीस अलास्का एअरलाइन्सच्या एका विमानाचा बाजूचा झांकलेला दरवाजा पोर्टलंडवरून उडतांना सुमारें १६ हजार फुटांवर निखळून पडला. त्या भगदाडाशेजारच्या दोन खुर्च्या दैवयोगानें रिकाम्या होत्या. विमानांत मांडीवरचीं तीन मुलें होतीं; तीं सुखरूप उतरलीं. परंतु मूल मांडीवर घेऊन कोणी त्या दोन खुर्च्यांशेजारीं बसलें असतें तर, हा विचार मनांत आणवत नाहीं.

येथें वाचकभगिनी म्हणतील कीं, आपल्याकडील विमानांत मुलासाठीं निराळा लहान पट्टा देतात, त्याचें काय? हा पट्टा आईच्या पट्ट्यांत ओंवून मुलाच्या पोटाभोंवतीं बांधतात. युरोपांत तो बांधणें आवश्यक मानतात. अमेरिकन विमानांत त्यास मनाई आहे. दोन शहाण्या देशांचें असें विरुद्ध मत पाहून सामान्य माणूस चक्रावतो, परंतु दोहोंतही तथ्य आहे. खळबळींत मूल वर उडण्यापासून हा पट्टा वांचवितो. समोरून मोठा धक्का बसला तर मात्र आईचें शरीर कमरेंत वांकून पुढें येतें, व मूल तिच्या व पट्ट्याच्या मध्यें चेंगरतें. अमेरिकन चाचण्यांत तसें दिसून आलें आहे. खळबळ नेहमींची व मोठा आघात विरळा, म्हणून दुसरा उपाय नसेल तेथें हा पट्टा बांधावाच, असें आमचें मत. खुर्चीची बरोबरी मात्र तो करीत नाहीं.

दुसरा एक भ्रम पाळण्याविषयींचा. विमानाच्या पुढच्या भिंतीस टांगावयाचा छोटा पाळणा, ज्यास बॅसिनेट म्हणतात, तो मागून घेतला कीं आपली सोय झाली असें पुष्कळांस वाटतें. सोय होते ती झोंपेची. विमान चढतांना, उतरतांना व पट्ट्याचा दिवा लागतांच मूल त्यांतून काढून मांडीवर घ्यावें लागतें. म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळीं पाळणा उपयोगाचा नसतो, आणि अर्ध्या रात्रीं तीन वेळां निजलेलें मूल उठवावें लागतें तें निराळेंच. शिवाय त्यास वजनाची मर्यादा असते व ती प्रत्येक कंपनीची वेगळी. धरून उभें राहूं लागलेल्या मुलास तो तसाही पुरत नाहीं.

तेव्हां आमचें उत्तर असें : ऐपत असेल तर तिसरें तिकीट काढावें, आणि मोटारींत मुलासाठीं लावतात ती कार-सीट त्यावर बांधावी. नुसतें तिकीट काढून रिकाम्या खुर्चीवर मूल ठेवणें व्यर्थ आहे. मोठ्यांचा पट्टा नऊ महिन्यांच्या मुलीस धरीत नाहीं. अमेरिकेंत विकत घेतलेल्या सीटवर ती मोटारींत व विमानांत दोन्हीकडे चालते असें तांबड्या अक्षरांत छापलेलें असतें. तें आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि त्याचा फोटो मोबाइलांत ठेवावा, म्हणजे दारांत वाद होत नाहीं. रुंदी १६ इंचांपर्यंत असली तर बहुतेक विमानांत ती बसते. जागा खिडकीचीच घ्यावी, म्हणजे इतरांची बाहेर पडण्याची वाट अडत नाहीं. संकटकालीन दाराच्या रांगेंत ती ठेवूं देत नाहींत. वर्षाच्या आंतील मूल मागें तोंड करून बसवावें लागतें, त्यामुळें पुढच्या प्रवाशाची खुर्ची मागें कलत नाहीं. तो कुरकुरेल, त्यास आधींच गोड शब्दांत सांगून ठेवावें. पाठ नसलेली, मुलास नुसती उंच करणारी बैठक विमानांत चालत नाहीं. कापडी पट्ट्यांचा एक हलका साजही मिळतो, परंतु तो १० ते २० किलोंच्या, स्वतः नीट बसणाऱ्या मुलांसाठीं आहे. या मुलीच्या कामाचा नाहीं. अमेरिकन कंपन्यांना, तिकीट काढलें असेल तर, मान्यतेची सीट नाकारतां येत नाहीं. इतर कंपन्यांचे नियम निरनिराळे आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वींच लेखी विचारून घ्यावें, व दोन कंपन्यांचीं विमानें बदलावयाचीं असतील तर दोघांनाही विचारावें.

याचा अर्थ वीस-बावीस तास मुलीस खुर्चीला जखडून ठेवावयाचें असा नव्हे. दिवा विझला कीं तिला खुशाल मांडीवर घ्यावें, दूध पाजावें, फिरवावें. विमान उतरूं लागलें कीं कानांत दडे बसतात. तेव्हां बाटली किंवा चोखणें तोंडांत द्यावें, गिळतांना दडे सुटतात. विहीणबाईंना हेंही सांगावें कीं, आपल्या खुर्चीत निजण्याची ज्या मुलास घरच्या मोटारींत संवय आहे, तें विमानांतही त्याच खुर्चींत अधिक शांत निजतें, व आईबापांचे हात मोकळे राहतात. पुण्यास पोंचलेली सून चार दिवस अंथरुणाला खिळून राहावी असें कोणत्याही सासूस वाटणार नाहीं.

आतां ऐपत नसेल तर? सर्वांचीच असते असें नाहीं, आणि त्यासाठीं कोणी स्वतःस दोष लावून घेऊं नये. अशांनीं कमी गर्दीच्या दिवसाचें विमान पाहावें. जागा रिकामी असेल तर ती मुलासाठीं मागावी, व त्या आशेनें सीट दारापर्यंत नेण्यास हरकत नाहीं. मूल घेऊन वाटेलगतच्या खुर्चीवर बसूं नये. वरच्या कप्प्यांतील बॅगा आणि गरम चहा यांची वाट तिकडूनच जाते. आधीं स्वतःचा पट्टा कमरेस घट्ट आवळावा, मग मुलाचा बांधावा. एकच पट्टा दोघांभोंवतीं मिळून कधींही घेऊं नये. त्यांत मूल चेंगरण्याचा धोका सर्वांत मोठा. प्राणवायूचा मुखवटा खालीं आला तर प्रथम आईनें लावावा, मग मुलास. आईचीच शुद्ध हरपली तर मुलाकडे कोण पाहणार? एका रांगेच्या एका बाजूस बहुधा एकच मुखवटा जादा असतो, म्हणून जुळीं असतील तर आईबापांस शेजारींशेजारीं बसवीत नाहींत. हें ठाऊक असलें म्हणजे ऐनवेळीं रुसवेफुगवे होत नाहींत.

एक गोष्ट मात्र या पत्रांत कोणीच विचारलेली नाहीं. मुंबईस विमान उतरल्यावर पुण्यापर्यंतचा प्रवास मोटारीचा, म्हणजे सबंध प्रवासांतील सर्वांत धोक्याचे तीन-चार तास. तेथें आजोबा पुढच्या आसनावर बसून नातीस मांडीवर घेतात, व रस्त्यानें तिला गाड्या दाखवीत येतात. हें दृश्य घरोघरचें आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर मोटार कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा योग्य आसन नसेल तर हजार रुपये दंड सांगितला आहे, परंतु दंडाचें सोडा. पुढच्या आसनावरील मूल म्हणजे आजोबांच्या छातीपुढें धरलेली उशी, असा त्याचा अर्थ होतो. विमानांतून आलेली सीट येथें मागच्या बाकावर तशीच बांधतां येते. अडचण एवढीच कीं, भाड्याच्या मोटारींत मागचे पट्टे पुष्कळदां कापडी खोळीखालीं दडपलेले असतात, आणि रात्रीं दोन वाजतां तळावर उभें राहून ते शोधणें होत नाहीं. गाडी ठरवितांनाच चालकास फोन करून ते बाहेर काढून ठेवण्यास सांगावें.