गोष्टींना दिलेली पाने

यंदाच्या अंकात राजकीय परिसंवाद नाही. ती पाने आम्ही कथांना दिली आहेत. भोवती एवढे पेटलेले असताना गोष्टी कसल्या छापता, असे एका ज्येष्ठ वाचकांनी तळमळीने विचारले. त्यांना उत्तर द्यायचे तर अण्णाभाऊ साठ्यांकडे जावे लागते.

वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, शाळेत दीडएक दिवसच टिकलेला हा मुलगा आईबापांबरोबर पायी मुंबईला आला. गिरणीत राबला, लाल बावट्याच्या कलापथकातून गावोगावी गायला. १९५९ मध्ये त्याची ‘फकिरा’ आली. कादंबरीचा काळ इंग्रजी अमलाचा. १८७१च्या कायद्यापासून सरकार जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवू लागले होते. अशा जमातीतल्या माणसाचे नाव सरकारदरबारी उमटायचे ते हजेरीच्या कागदावर, नाहीतर फिर्यादीत. उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिराही त्या कागदांवर फक्त दरोडेखोर. त्याला बाप, आई, गाव, अब्रू आणि भूक दिली ती अण्णाभाऊंनी, आणि पुस्तक अर्पण केले बाबासाहेबांच्या लेखणीला.

या कादंबरीत विष्णुपंत कुलकर्णी आहेत. गावातल्या उपाशी मांगांच्या बाजूने उभा राहणारा हा ब्राह्मण रंगवायची अण्णाभाऊंवर कुणाची सक्ती नव्हती. राग धरायला त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची कारणे होती. तरीही त्यांनी माणूस जातीवरून ओळखला नाही. मराठी कथनाचा याहून मोठा पराक्रम मला तरी ठाऊक नाही. मुंबई राज्यात ज्यांच्या तमाशावर बंदी आली होती, त्यांच्या या कादंबरीला नव्या महाराष्ट्र राज्याने १९६१ मध्ये पुरस्कार दिला, याचाही मला आजवर अभिमान वाटतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ दुसऱ्या टोकाची. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्या दिवसांची ती कहाणी. घरे जाळणारे अनोळखी नव्हते, म्हणून तर ती वाचताना जीव गुदमरतो. पण माडगूळकर कुठेही सुडाची भाषा बोलत नाहीत.

गोष्टीने दंगल थांबत नाही, दुष्काळात पाऊसही पडत नाही. पण संकट आले की माणसाचे नाव आधी जाते. तो जमाव होतो, जात होतो, मदतीच्या यादीतला आकडा होतो. आज तर हे मोबाइलवर सकाळच्या चहाआधीच उरकते. शेजाऱ्याला शत्रू ठरवायला दोन ओळी पुरतात. त्याला पुन्हा शेजारी करायला मात्र पंधरा-वीस पाने लागतात, आणि ती लिहिणारा कुणीतरी लागतो. दिवाळी अंक एवढी जागा अजूनही देऊ शकतो. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही जागा मराठीने जपली आहे.

या अंकातल्या कथा निवडताना एकच गोष्ट पाहिली: ज्याच्यावर लेखकाचा राग आहे, तो माणूसही कथेत जिवंत आहे का. काही गाजलेली नावे त्यामुळे गळली, काही अगदी नवी आली.

पुढच्या वर्षीसाठी कथा फाल्गुनापर्यंत पाठवा. हाताने लिहिलेली चालेल, आपल्या बोलीतली असेल तर आधी वाचू.