दोन्हीकडून नकोसा

मार्च 2025 मध्ये 'नो अदर लँड' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. बासेल आद्रा आणि हमदान बल्लाल हे पॅलेस्टिनी, युवल अब्राहम आणि रेचेल सोर हे इस्रायली. चौघांनी मिळून तो केला. विषय, वेस्ट बँकमधल्या मसाफर याट्टा इथे इस्रायली लष्कराने पाडलेली घरं. इस्रायलच्या संस्कृतीमंत्र्यांनी पुरस्कारावर नाराजी व्यक्त केली, ते अपेक्षितच होतं. पण इस्रायलवरच्या सांस्कृतिक बहिष्काराच्या पॅलेस्टिनी मोहिमेनेही आक्षेप घेतला: इस्रायलींबरोबरचं हे काम त्यांच्या नियमांत बसत नव्हतं.

बहिष्काराला आम्ही सरसकट नावं ठेवणार नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला जगाने मैदानाबाहेर काढलं, त्याचा परिणाम झालाच. शिवाय ज्याचं घर पडतंय त्याला 'जरा बोलून तरी बघा' असं सांगणं निलाजरेपणाचं आहे. मात्र एखाद्या राजवटीशी व्यवहार तोडणं वेगळं आणि पासपोर्ट बघून माणसाला गप्प बसवणं वेगळं. ऑस्करच्या मंचावर अब्राहम गाझाच्या विध्वंसाबद्दल बोलला, इस्रायली ओलिसांच्या सुटकेबद्दलही बोलला. आणि आपल्याला नागरी कायदा, शेजारी उभ्या बासेलला मात्र लष्करी कायदा, हेही त्याने लपवलं नाही. आम्हाला अभिप्रेत असलेला संवाद हा असा आहे, गुळमुळीत नव्हे.

या अंकात दोन्ही बाजूंचे लेख आहेत. काही वाचकांना संताप येईल. त्यांच्या उत्तरांसाठी पुढच्या अंकात पानं राखून ठेवली आहेत.