कामाचे नाव बदलले, मजुरी उतरली



आपल्या कसालच्या परिसरात पावसाळा लागला की लावणीला बायका आणि जोताला गडी, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. काजूच्या कारखान्यात जा. बी फोडणे, सोलणे, प्रतवारी लावणे ही कामे बहुतेक बायकांच्या हातात. मजुरीत फरक का, असे विचारले की उत्तर तयार असते, "काम येगळा आसा!"

या उत्तराची झडती एकदा सर्वोच्च न्यायालयात झाली. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिका होत्या. कंपनीत पुरुष लघुलेखक होते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी 'गोपनीय' लघुलेखिका होत्या. त्या सगळ्या स्त्रिया. १९७५ च्या करारात वेतनश्रेणी एकच ठरली. पण वेतननिश्चिती करताना बायकांचे सूत्र वेगळे लावले आणि त्यांचा पगार कमी बसला. १९७७ साली नोकरी सुटल्यावर डिकॉस्टाबाईंनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली.

कंपनीने तीन ढाली पुढे केल्या. काम वेगळे आहे, करार झालेला आहे, आणि पैसे नाहीत. १९८७ साली न्यायालयाने तिन्ही बाजूला सारल्या. कामाच्या नावाकडे पाहू नका, प्रत्यक्ष कामाकडे पाहा. एका जागी फक्त बायकाच बसवायच्या आणि मग "येथे पुरुष नाही, तुलना कोणाशी?" असे म्हणायचे, हे चालणार नाही. कंपनीची ऐपत नाही हेही कारण होत नाही. १९७६ चा तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. तत्त्व तेच आहे.

पण लावणी आणि जोत ही खरोखरच वेगळी कामे. तेथे कायदा काय करील? येथे अर्थशास्त्राचा उपयोग होतो. गॅरी बेकर यांनी १९५७ साली मांडले की भेदभाव करणारा मालक स्वतःचाही तोटा करून घेतो, म्हणून स्पर्धेत तो मागे पडेल. पण भेदभाव काही गेला नाही. बार्बरा बर्गमन यांनी १९७४ साली त्याची एक गाठ दाखवली. बायकांना बऱ्याच कामांची दारे बंद, म्हणून उरलेल्या दोन-चार कामांत त्यांची गर्दी होते. हात जास्त, काम तेवढेच, की मजुरी उतरते. म्हणजे लावणी हलकी म्हणून स्वस्त नाही. दिवसभर चिखलात वाकून पाहावे, मग हलकी कोण म्हणेल?

हिशेब मांडण्याची रीतही आहे. १९७३ साली ओहाका आणि ब्लाइंडर यांनी पगारातला फरक दोन खात्यांत टाकला. शिक्षण, अनुभव यांचा भाग एका खात्यात आणि ज्याचा खुलासा होत नाही तो दुसऱ्यात. आम्हा कारकुनांच्या भाषेत ते उचंत खाते. भेदभाव शोधायचा तो तिथेच.

२०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले की आजच्या काळात फरकाचा मोठा भाग पहिल्या मुलानंतर पडतो. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला तर तो बाईला कामावर घेणेच टाळील, ही भीती जुनीच आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेबांनी म्हटले होते की हा भार बराचसा सरकारने उचलावा, कारण लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. मालकालाही त्यांनी पूर्ण मोकळे सोडले नाही. आज २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली, पण त्या काळातला पगार बहुतेक ठिकाणी मालकानेच द्यायचा. बाबासाहेबांचा मुद्दा शिल्लकच आहे.

तेव्हा दोन गोष्टी करूया. जेथे काम सारखे, तेथे हजेरीपत्रकावर आपले नाव कोणत्या कामापुढे लिहिले आहे ते वाचा आणि सारखा दाम मागा. आणि जेथे काम वेगळे, तेथे ते वेगळेपण मोडा. पॉवर टिलर चालवायला मुलीला शिकवा, कारखान्यातल्या यंत्राजवळ तिला उभी करा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या कष्टाचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.